कॅल्शियमच्या पाटावर बसलेलं शिसं

माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, आमच्या इंदुरीच्या मावशी, यांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी खड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. "सून स्फटिक करते" एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. नातीचं लग्न लांबत चाललं तेव्हा त्यांनी मला चुलीपाशी बोलावून हळूच विचारलं, "येखादा पुष्कराज निघंल का गं तुझ्याकडं? घरातल्या मान्साला भाव लावू नगं." मी म्हटलं, मावशी, माझे स्फटिक मिठाच्या कणापेक्षा बारीक असतात आणि उघड्यावर ठेवले की वाळून मरतात. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. एवढं शिकून ही बाई दिवसभर करते तरी काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. प्रश्न रास्तच होता. माझ्या सख्ख्या नवऱ्यालाही तो अधूनमधून पडायचा.

तळेगावच्या एमआयडीसीत एन्झाइम बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले त्याला आता काही वर्षं झाली. दिवाळी अंकासाठी लिहा, पण गमतीजमती लिहा, असं संपादकबाईंनी बजावलं आहे. गमती आहेत, आणि त्या सांगेनच. पण लिहायला बसले की प्रत्येक गंमत फिरून एकाच माणसापाशी येऊन थांबते आणि तिथं माझं तोंड उतरतं. तेव्हा सणाच्या दिवसांत हे वाचायला देते आहे त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी धंदा समजावून सांगते. आपण वरणभातावर तूप घेतो, ते पोटात गेल्यावर त्याचे तुकडे करणारं एक एन्झाइम असतं. त्याला लायपेज म्हणतात. डब्यात राहिलेलं खोबरं खवट होतं तेही बऱ्याचदा याच जातीच्या एन्झाइमचं काम. पोटात केलं तर पचन, डब्यात केलं तर नासाडी. कपड्यावरचा तेलाचा डाग काढणाऱ्या पावडरीत तेच असतं, पचनाच्या गोळीत तेच असतं. आमचा कारखाना ही लायपेजं जिवाणूंकडून बनवून घ्यायचा आणि पोत्यांनी विकायचा. माझं काम होतं नवीन जिवाणू शोधणं, त्याचं लायपेज वेगळं काढणं, आणि जमलं तर ते दिसतं कसं हे पाहणं. हे तिसरं काम कारखान्याला नको होतं. ते मी हट्टानं पदरात पाडून घेतलं होतं.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. लोणावळ्याचे एक हॉटेलवाले शेठ होते. शनिवार-रविवारी पर्यटकांना वडे तळून घालायचे आणि सोमवारी त्यांचं गटार तुंबायचं. आमची पावडर त्यांनी टाकून पाहिली, काही फरक पडला नाही. मग ते स्वतः भेटायला आले. हातात चिक्कीचा खोका. आमच्या ऑफिसातल्या मुलींनी लगबगीनं तो उघडला, तर आत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला गटारातला मेणचट गोळा. पुढचा आठवडाभर ऑफिसात कोणी गोडाचं नाव काढलं नाही.

"मॅडम, तुमची पावडर चांगलीच असेल," शेठ म्हणाले, "पण आमचं गटार जरा कडक आहे."

ते खरं होतं. त्या गटारात साबण होता, भांडी घासून झिजलेला धातू होता, फरशी धुण्याचं ॲसिड होतं. असल्या पाण्यात नेहमीचं लायपेज दोन घटकाही टिकत नाही. आम्हाला काटक जिवाणू हवा होता, पिढ्यान्‌पिढ्या तेलात राहिलेला आणि कशालाही न घाबरणारा. मी गॅरेजांच्या पायऱ्या खरवडल्या, वडापावच्या गाड्यांखालची माती आणली, एका तेलघाण्याच्या मालकाला पटवून त्याची जुनी घाणी पुसून घेतली. काही जमेना. मग एका शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रांगेत उभी असताना माझ्या डोक्यात आलं की जिथं गावचं तेल पिढ्यान्‌पिढ्या एकाच दगडावर पडतं, अशी जागा तर समोर आहे.

वडिवळ्याच्या अलीकडे एक वाडी आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांना मी आधीच पुरेसा त्रास दिला आहे. तिथला मारुती जुना, आणि गाभाऱ्यातून तेल वाहून जायला मागच्या बाजूला दगडी मोरी. तिथले गुरव शंकरआबा. साठीच्या आसपासचे, सडपातळ, खांद्यावर पंचा, बोलणं मऊ. मारुतीची पूजा त्यांच्या घराण्यात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली. मी पोचले तेव्हा ते उंबऱ्याच्या आत बसून परातीत शेंदूर आणि तिळाचं तेल हातानं मळत होते. कोपरापर्यंत हात केशरी झालेले.

"ताई, बायामान्सं आत येत न्हाईत," ते ओशाळून म्हणाले. "तुमी हितंच थांबा. काय पायजे ते मी काडून देतो."

मला मोरीतला चिखल हवा होता. त्यांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"चिखल? त्यो कशाला?"

"त्यात तेल खाणारे जिवाणू असतात आबा. त्यांना शोधतेय."

"मारुतीचं त्याल खात्यात?" आबा हसले. "मंग लय पुण्यवान म्हनायचे."

मी चमचा पुढे केला होता, तो त्यांनी घेतला नाही. मळलेला हात तसाच मोरीत घातला आणि काळा, तुपकट चिखल माझ्या बाटलीत भरून दिला. मग तोच हात पंचाला पुसून त्या हातानं मला खडीसाखर दिली. मी ती तोंडात टाकली. आत्ता हे लिहिताना कळतंय की त्या दिवशी मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं.

त्या चिखलात आम्हाला जिवाणू सापडला. त्याचं लायपेज शेठच्या गटारात तग धरून राहिलं, गटार वाहतं झालं, आणि शेठ या वेळी खरी चिक्की घेऊन आले. मुलींनी खोका माझ्याकडून उघडून घेतला. आमचे साहेब खूश होते, आणि त्या खुशीच्या भरात मी त्यांच्याकडून या लायपेजचे स्फटिक करायची परवानगी काढली.

हे काय प्रकरण असतं तेही सांगते. एन्झाइम म्हणजे एका लांबलचक दोऱ्याचा गुंता, पण ठरलेला गुंता. तो इतका बारीक असतो की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. म्हणून त्याचे स्फटिक करायचे, म्हणजे असंख्य गुंते एकसारखे रांगेत बसवायचे. मग त्यावर क्ष-किरण सोडले की पलीकडे ठिपक्यांची रांगोळी उमटते आणि तिच्यावरून गणित करून चित्र काढता येतं. स्फटिक होणं नशिबाची गोष्ट. लोणच्यासारखं मुरत ठेवायचं आणि बरणीला धक्का लावायचा नाही. क्ष-किरणांचं यंत्र पुण्यातल्या एका संस्थेत होतं. आम्ही तेव्हा बेगडेवाडीला राहायचो. दुपारच्या लोकलला मी स्फटिकांची ताटली डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन श्वास रोखल्यासारखी बसायची. एकदा समोरच्या बाईंनी विचारलं, "रसगुल्ले आहेत का हो?" मी म्हटलं, नाही, मारुतीच्या मोरीतले जिवाणू आहेत. त्या उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

ठिपक्यांवरून चित्र काढताना एक अडचण येते. सगळे अणू सारखेच हलके, कुठून मोजायला सुरुवात करावी कळत नाही. तळेगावात पत्ता सांगताना आपण पाण्याची टाकी धरून सांगतो, तशी एखादी ठळक खूण लागते. त्यासाठी स्फटिक जड धातूच्या पाण्यात भिजवतात. पारा, सोनं, शिसं. जड अणू कुठेतरी जाऊन बसला की तीच खूण. बहुतेक वेळा स्फटिक या आंघोळीनं तडकतो. आमचे पाऱ्यात तडकले, सोन्यात विरघळले. शिशाच्या पाण्यात मात्र मजेत राहिले. इतके, की मी पुन्हापुन्हा करून पाहिलं.

चित्र निघालं तेव्हा शिसं कुठे बसलंय ते दिसलं. या जातीच्या पुष्कळ लायपेजांत कॅल्शियमची एक ठरलेली जागा असते. कॅल्शियम तिथं बसून स्वतः काही तेल कापत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं ते नुसतं बसून असतं आणि त्याच्या बसण्यानं घराची घडी टिकते. आमच्या लायपेजात त्याच पाटावर शिसं बसलं होतं. आकार जवळजवळ तेवढाच, वीजभारही तोच, त्यामुळे एन्झाइमला फरकच कळला नव्हता. आणखी नवल म्हणजे इतर लायपेजं अशा वेळी बंद पडतात, हे चालू होतं. जिवाणूही शिसं घातलेल्या पाण्यात आरामात वाढत होता. ही सवय त्याला लागली कुठून, असं साहेबांनी विचारलं, आणि मला त्या क्षणी परात आठवली. शेंदूर.

बाजारातल्या सगळ्याच शेंदरात शिसं असतं असं नाही. पण शेंदूर म्हणून जे विकतात त्यात पुष्कळदा शिशाचं भस्म असतं, हे मला माहीत होतं. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. मी आनंदानं नाचायचीच बाकी राहिले. देवळातल्या जिवाणूनं पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर पचवून शिशाशी जमवून घेतलंय, असा तो शोध. आता फक्त त्या देवळातल्या शेंदराची चिमूट आणून तपासायची होती.

मी पेढे घेऊन वाडीवर गेले. शंकरआबा उंबऱ्यात बसले होते, वाळलेले वाटले. पेढे देवाला दाखवून त्यांनी मला प्रसाद दिला, तो डाव्या हातानं.

मला राग आला. खरंच आला. मी स्वतःला सुधारलेली समजते, घरात सोवळंओवळं पाळत नाही, पण देवाचा प्रसाद गुरवानं डाव्या हातानं द्यावा हे मला खटकलं. माणूस उतरणीला लागला, बहुधा घेत असेल, असंही मनात येऊन गेलं. त्यांची बायको हिरामावशी बाजूला वाती वळत बसली होती. तिनं माझा चेहरा वाचला असावा.

"हात धरंना झालाय त्येंचा," ती म्हणाली. "मनगाट उचलत न्हाई. पोटात बी कळा येत्यात. कामशेतच्या डॉक्टरनी ग्यासची गोळी दिली."

"संधिवात असेल," मी म्हणाले. "तिळाचं तेल कोमट करून चोळा रोज."

हे माझे शब्द आहेत. मग मी शेंदराची चिमूट पुडीत बांधून घेतली, त्यांना नमस्कार केला आणि निघाले. प्रयोगशाळेत तपासलं तर शिसंच शिसं. त्या संध्याकाळी मी घरी श्रीखंड आणलं.

काही आठवड्यांनी पुण्यातल्या त्या संस्थेत मला हे काम सांगायला बोलावलं. कारखान्यातल्या बाईला असं बोलावणं क्वचितच येतं, त्यामुळे मी नवी साडी नेसून गेले होते. चित्रात शिशाचा अणू मी मुद्दाम शेंदरी रंगात रंगवला होता. लोक हसले, टाळ्या वाजल्या. शेवटी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, माणसाच्या शरीरातही शिसं असंच कॅल्शियमच्या जागी बसतं का?"

"हो ना," मी म्हणाले. मला हे पाठ होतं. "हाडांत बसतं, मज्जातंतूंच्या कामात लुडबुड करतं. पोटात कळा येतात. रक्त कमी होतं. आणि ज्या हातानं माणूस काम करतो त्याचं मनगट गळतं, बहुधा उजवं..."

समोर पडद्यावर तो शेंदरी गोळा होता आणि माझ्या डोळ्यांपुढे आबांचा डावा हात. संस्थेतल्या कोणीतरी लगबगीनं पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं घसा कोरडा पडला. मी पाणी प्यायले, कोणाकडेही न बघता कागद गोळा केले आणि खाली येऊन बसले. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मोरीतल्या जिवाणूला शिसं बाधतं का याचा मी मनापासून विचार केला होता, आणि तेच शिसं रोज हातानं मळणारा माणूस माझ्यासमोर बसला होता, त्याचं मनगट उचलत नाही असं त्याची बायको सांगत होती, आणि त्याला मी तिळाचं तेल सांगून आले होते.

दुसऱ्याच दिवशी गाडी करून आबांना तळेगावला आणलं. रक्त तपासलं, शिसं भरपूर निघालं. डॉक्टर भले होते. त्यांनी पुण्याला पाठवून उपचार सुरू करून दिले. शेंदराला हात लावायचा नाही, जेवणाआधी हात साबणानं घासायचे, औषध नेमानं घ्यायचं. आबांनी सगळं ऐकलं. एकदाच विचारलं, "मारुतीनंच दिलं म्हनायचं का हे?" मी म्हटलं, मारुतीनं नाही, शेंदराच्या पुड्या विकणाऱ्यानं.

मग मी वाडीवर सगळ्यांना सांगायला गेले. हे करायलाच हवं होतं, यात मला आजही शंका नाही. पोरं-बाळं तो शेंदूर कपाळाला लावत होती, बोटं चाटत होती. सभामंडपात माणसं जमली. पूजेचं बघणाऱ्या मंडळाचे प्रमुख दत्तूभाऊ पुढे बसले होते. मी बोलले, आणि फार चांगलं बोलले. पाट, कॅल्शियम, शिसं, सगळं अगदी सोपं करून सांगितलं. लोक तोंडाकडे बघत ऐकत होते. त्या ऐकण्याची मला चव लागली. मग मी म्हणाले, "हे शिसं आता आबांच्या हाडात जाऊन बसलंय. ते सहजासहजी निघत नाही."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जुना शेंदूर खरवडून टाकला, नवा केशरी रंग आणला, तो मी स्वतः तपासून दिला, त्यात शिशाचा कणही नव्हता. लोकांनी ते सगळं मानलं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच वाक्य, आबांच्या हाडातलं शिसं. जे हाडात आहे ते हातातून उतरणार, असा त्यांचा हिशेब. मूर्खपणाचा म्हणता येणार नाही. मीच तर सांगितलं होतं की ते निघत नाही. ते दुसऱ्याला लागत नाही, एवढं सांगायचं मला सुचलं नव्हतं, कारण ते सांगायची गरज असेल असं वाटलंच नव्हतं.

महिने गेले. आबांच्या पोटातल्या कळा थांबल्या, चेहऱ्यावर रक्त आलं. मनगट हळूहळू वर उचलायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पूर्ववत होईल जवळजवळ. मला वाटलं, चला, आपण निस्तरलं.

एक दिवस हिरामावशीचा फोन आला.

"ताई, हात बरा झाला. पन परसादाचं ताट भरल्यालं घरी येतंय."

"म्हणजे?"

"त्येंच्या हातचं कोन घेत न्हाई. तीर्थ बी न्हाई. बाया पोरांना लांब वढत्यात. दत्तूभाऊ म्हंत्यात, दुसरा गुरव बगाया लागंल." मग ती म्हणाली, "तुमी येकदा येऊन सांगा त्यास्नी. तुमचं आयकतील."

म्हणजे आबांचा हात वाचला होता, आणि त्या हाताचं काम जायला निघालं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. ते त्यांच्या पोटाचं साधन होतं, पण ती गोष्ट वेगळी. घरची भातखाचरं आहेत, उपाशी मरायची वेळ नव्हती. पण सकाळी उठून मारुतीला आंघोळ घालणं आणि येईल त्याच्या तळहातावर प्रसाद ठेवणं, यापलीकडे आबांना स्वतःची ओळख नव्हती. मी म्हटलं, येते.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. आता तिथं कामशेतहून एक तरुण पुजारी मोटारसायकलवर येतो. हातात रबरी मोजे घालून प्रसाद देतो. "म्याडमनी सांगितल्यापास्नं आमी काळजी घेतो," असं दत्तूभाऊ पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. आबा खाचरात असतात. दर्शन घेतात ते इतरांसारखं, बाहेरून. माझा लेख एका परदेशी नियतकालिकात छापून आला, त्यात त्या मोरीचा उल्लेख आहे, आबांचा नाही. चिखल कोणी काढून दिला हे लिहायची पद्धत नाही.

तर, मी गेले तो शनिवार होता. आरती झालेली. बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, सगळे थांबले होते. मी उभी राहून सांगितलं, या वेळी नीट सांगितलं. एकाच्या अंगात गेलेलं शिसं स्पर्शानं दुसऱ्याला लागत नाही. आबांच्या हातातून कोणालाही काही होणार नाही. शेंदूर गेला, रंग नवा आहे, तो मी तपासला आहे. डॉक्टरांचाही निरोप सांगितला. सगळे शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पटलं.

दत्तूभाऊ उठले. माणूस वाईट नाही, मी त्यांना वाईट म्हणणार नाही.

"म्याडम, तुमी म्हनता म्हंजी खरंच आसंल," ते म्हणाले. "मंग पयला परसाद तुमीच घ्या. तुमी घेतला की आमाला बी धीर यील. काय रं?"

मागून दोघातिघांनी "व्हय, व्हय" म्हटलं.

आबा ताट घेऊन उंबऱ्याशी आले. धुतलेला सदरा घातला होता. ताट त्यांनी हिरामावशीच्या हातात दिलं, खडीसाखर आणि खोबऱ्याचा तुकडा उजव्या हातात घेतला, आणि ते हसले. उजव्या हातानं प्रसाद देता येतोय याचं ते हसू होतं. कितीतरी दिवसांनी. त्यांनी हात माझ्यापुढे धरला.

त्यांच्या नखांत केशरी रंग होता.

तो रंग मीच तपासला होता. त्यात काही नाही हे त्या मंडपात सगळ्यांत पक्कं मला माहीत होतं. उभ्या आयुष्यात मी हेच शिकले होते, कशात काय आहे आणि कशात काय नाही. आणि तरी माझा हात पुढे आला नाही. मी त्या नखांकडे बघत राहिले. क्षणभरच असेल. पण समोर आख्खी वाडी माझ्या हाताकडे बघत बसली होती, आणि एवढ्याशा क्षणात त्यांना हवं ते उत्तर मिळालं. एका बाईनं पोराला मांडीवर ओढून घेतलं तेवढं मला दिसलं.

आबांनी हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ द्या ताई," ते हळूच म्हणाले. माझी अडचण झाली म्हणून त्यांनाच वाईट वाटत असावं असा आवाज. "देवाचं हाय, खाली टाकता यायचं न्हाई."

आणि तो प्रसाद त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला.

मी तेव्हा कुठे हात पुढे केला. "आबा, द्या ना," असं काहीतरी म्हणालेही. मागे लोक उठायला लागले होते, चपलांचा आवाज येत होता. आबांनी माझ्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं, सावकाश खोबरं चावून गिळलं, आणि ज्या बाईनं आपला हात बरा केला तिला वाकून नमस्कार केला. त्यांचं उजवं मनगट डाव्याच्या बरोबरीनं अगदी सरळ उभं होतं.